नरक्याचं निळं

कोंडिबामामा मरगळ्यांची बातमी पेपरात आली होती, २००८ च्या पावसाळ्यात. डोक्याला पटका, हातात रोपाची पिशवी आणि फोटोखाली ओळ: पत्नीच्या आठवणीत नरक्याचं रान उभं करणारा धनगर. आमच्या कॉलेजात तो पेपर हातोहात फिरला. माझ्यापर्यंत आला तेव्हा मी तो घरी नेला आणि त्यात मेथीची देठं गुंडाळून टाकून दिला. बातमी खोटी नव्हती. अर्धी होती, आणि उरलेली अर्धी माझ्या पोटात होती. ती सांगते. मला साखर पेरून बोलता येत नाही, मुळशीतल्या घोटावड्याची आहे मी. जसं घडलं तसं ऐका.

मी हेमलता. पुण्यात एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. म्हणजे बाटल्या धुवायच्या, द्रावणं बनवायची आणि पोरांनी फोडलेल्या काचांवरून त्यांना झाडायचं. २००३ साली आमच्या दयानंद सरांना एक काम मिळालं. मुळशी-ताम्हिणीच्या रानात नरक्याची झाडं किती उरलीत ते मोजायचं आणि कुठल्या झाडात औषध किती ते तपासायचं. नरक्या म्हणजे लहानखुरं झाड, पण फुलाला असला घाण वास की नावच नरकावरून पडलं. वाट दाखवायला माणूस हवा होता. मुळशीच्या एस.टी. थांब्यावरचा चहावाला म्हणाला, "धरणाच्या वरल्या अंगाला धनगरवाड्यावर जावा. कोंडिबाला इचारा. त्यानंच तोडलाय समदा."

मामा तेव्हा पन्नाशीचे होते. सरांचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि खो खो हसले. "कापायला बी मीच व्हतो, आता मोजायला बी मीच व्हय?" म्हणाले, आणि कोयता कमरेला खोचून पुढं झाले.

रानात चालता चालता त्यांनीच सांगितलं. ९८ पासून तीन हिवाळे खाली रस्त्यावर टेम्पो लागायचा. कुणी व्यापारी होता, त्याला नरक्या मुळासकट हवा असायचा. वाड्यावस्त्यांवरची माणसं झाडं उपटायची, ढलप्या करायची, वाळवून पोत्यात भरायची. मामांचं नाक सगळ्यांत तिखट. फुलं नसताना नुसतं पान चुरगळून ते झाड ओळखायचे, म्हणून तोड त्यांचीच सगळ्यांत जास्त.

"काय करतात एवढ्याचं, विचारलं नाही?" मी म्हटलं.

"इचारलं की. रंग करत्यात म्हनला. मी म्हनलं, एवढ्या लाकडाचा रंग? एवढी मोठी भित्ताडं हायेत तरी कुनाची?"

दिवसभर फिरून आम्हाला एकवीस झाडं सापडली, तीही बहुतेक बुंध्यावरचे फुटवे. मामा प्रत्येक बुंध्याशी थांबून सांगायचे, ही मी तोडली, हीबी मीच. एकच जुनं झाड अख्खं उभं होतं, वाघजाईच्या देवराईत. देवीच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही, त्यामुळे टेम्पोवाल्यानं कितीही गळ घातली तरी मामांनी त्या झाडाला हात लावला नव्हता.

परतताना त्यांच्या घरी गेलो. साळूमामी दारात पाणी घेऊन उभ्या. त्यांचा एक स्टीलचा पेला होता, त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं: साळूबाई कोंडिबा मरगळे. आलेल्या माणसाला पाणी त्याच पेल्यातून द्यायचं, असा त्यांचा नेम. "डोंगर चढून आलेलं मानूस दारातनं तहानलेलं जाऊ ने," म्हणायच्या. लेकरूबाळ नव्हतं. दोन म्हशी आणि ही दोघं. पण त्या घरात शुकशुकाट म्हणून कधी नसायचा.

"ह्ये तुमास्नी झाडं दावत्यात व्हय?" मामी मला म्हणाल्या. "ह्यास्नी घरातलं मीठ घावत न्हाई, गं पोरी!"

"मीठ काय वास मारतंय व्हय?" मामा म्हणाले. मामी हसता हसता चुलीपुढं बसल्या. मी त्याच दिवशी त्या घरची झाले.

पुढच्या वर्षी मामा नमुन्यांची पिशवी घेऊन पहिल्यांदा पुण्याला, आमच्या प्रयोगशाळेत आले. आणि मला मोठेपणा दाखवायची हुक्की आली. सगळं त्या हुक्कीपासून सुरू झालं, म्हणून ते नीट सांगते.

आमच्याकडे एक जांभळा दिवा होता, अतिनील किरणांचा. हातात मावेल एवढा, बॅटरीवर चालणारा. वनस्पतींतली काही द्रव्यं अशी असतात की त्यांच्यावर हा न दिसणारा उजेड पडला, की ती स्वतः दिसणारा उजेड फेकतात. मी खोलीचे पडदे ओढले. आधी स्पिरिटमध्ये वाटलेला पालक धरला, तो लालभडक दिसला. मग हळद. ती पिवळीजर्द झाली, आणि मामा म्हणाले, "आता गं! मंग हळद लावलेली नवरी अंधारात बी दिसंल की!" मग सिंकोनाच्या सालीतलं कोयनेल, तापावरचं. ते आभाळासारखं निळं. आणि शेवटी त्यांच्याच पिशवीतली नरक्याची साल खरवडून, स्पिरिटचे थेंब टाकून, तो डाग गाळणकागदावर घेतला आणि दिवा धरला. असं निळं पेटलं की मामांनी हात मागे घेतला.

"ह्ये माझ्या झाडात हाय?"

"हे तुमच्या झाडात आहे. कॅम्पटोथेसिन. याच्यापासून कॅन्सरचं औषध करतात, मामा. रंग नाही."

मामा स्टुलावर बसले. मग म्हणाले, "आमी सरपनाच्या भावानं तोडलं की वो ताई." आणि जरा वेळानं, "पालक बी चांगला, हळद बी औषिद, कोयनेल बी औषिद. म्हंजी चमकतंय ते समदं औषिद?"

आणि मी, कॉलेजच्या पगारावर जगणारी शहाणी, म्हणाले, "तसंच समजा. जितकं जास्त चमकेल, तितकं औषध जास्त."

सर शेजारच्या खोलीत होते. त्यांनी मला दहा वेळा बजावलं होतं की चमक ही फक्त खूण आहे, काय आहे याची. ते अंगाला मानवतं की मारतं, हे चमकीवरून कळत नाही. पण मामांचा चेहरा इतका फुलला होता! मला वाटलं, कशाला आता पोथी वाचायची. मी त्यांना साल कशी खरवडायची, स्पिरिट किती टाकायचं, दिवा किती अंतरावर धरायचा, सगळं शिकवलं. पुढची दोन वर्षं रानातली तपासणी तेच करायचे, दिवसा, डोक्यावरून घोंगडी घेऊन आत अंधार करून. सराईतासारखा हात चालायचा त्यांचा.

२००६ च्या अखेरीला साळूमामींचं पोट फुगायला लागलं. आधी सगळ्यांनी वात म्हटलं. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, अंडाशयाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले. मामी पदर डोक्यावरून ओढत म्हणाल्या, "बरं झालं, तेल वाचलं." चार महिने बऱ्या राहिल्या, आणि पुन्हा दुखणं उठलं. मग डॉक्टरांनी दुसरं औषध लावलं. पाच दिवस रोज शिरेतून, मग दोन आठवड्यांवर विश्रांती, मग पुन्हा पाच दिवस. मी बाटलीवरचं नाव वाचलं. टोपोटेकन. मला माहीत होतं ते कशापासून करतात.

तेव्हा तरी तोंड बंद ठेवावं की नाही? पण मामा कोपऱ्यात इतके खचून बसले होते की मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, हे तुमच्या नरक्याचंच औषध."

त्यांनी बाटलीला हात जोडले, खरंच सांगते. मग मामींच्या कानाशी जाऊन म्हणाले, "साळे, आपलंच हाय. आपल्याच रानातलं. आता तुला काय हुत न्हाई." मामी म्हणाल्या, "मंग दवाखान्यात कशाला आनलं? झाडाखालीच निजवायचं मला." शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली.

दोन खेपा झाल्या. गाठी जरा बसल्या. तिसऱ्या खेपेला रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी फार खाली गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, पेशी भरून येईपर्यंत आता औषध द्यायचं नाही, पंधरा दिवसांनी बघू, घरी न्या. मामांनी ऐकलं ते एवढंच, की औषध बंद.

चार दिवसांनी ते कॉलेजात हजर. "सरांनी सांगितलंय, नवं फुटवं तपासायचं. दिवा द्या, ताई." सर तेव्हा परगावी होते. दिवा बाहेर न्यायचा तर नोंद करावी लागायची, मी तीही केली नाही. कोंडिबामामा खोटं बोलतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वर मी त्यांना स्पिरिटची भरली बाटली दिली, आणि मामींसाठी दोन मोसंबी.

त्यानंतर आठव्या दिवशी मामींना पुन्हा दवाखान्यात आणलं. जुलाब, उलट्या, अंगात सणसणीत ताप, आणि लघवीतून रक्त. मी धावत गेले. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही दिलं होतं का? मामा म्हणाले, "न्हाई." आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटतच नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांच्या लेखी ते बाहेरचं नव्हतंच.

दुपारी मामा चहा आणायला गेले तेव्हा मामींनी माझं मनगट धरलं. ओठ सोलले होते. म्हणाल्या, "पोरी, त्यास्नी सांगू नगं. ते देत्यात ते मला अजाबात सोसत न्हाई. आतडं पिळवटतंय. पर न्हाई म्हनलं तर त्यांचं मन मोडतं." मला वाटलं, चहाबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, "नका घेऊ, मी त्यांना सांगते." त्यांनी मान हलवली, नको म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. पेशीच नव्हत्या अंगात, साध्या जंतूशी लढायलाही.

तेराव्यानंतर मी वाड्यावर गेले. भेटायचं होतं आणि दिवाही परत आणायचा होता, खोटं कशाला बोलू. मामांनी दिवा मामींच्या लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवला होता. तो लगेच दिला नाही, आधी म्हणाले, "ताई, हितं बसा. एवढं बघा." आणि भरदिवसा आम्हा दोघांच्या डोक्यावरून त्यांनी घोंगडी ओढली. आत लोकरीचा आणि धुराचा वास. त्यांनी खटका दाबला. त्यांच्या हातात मामींचा तो नाव कोरलेला पेला होता, आणि त्याच्या तळाशी वाळलेला थर निळा पेटला होता.

त्या अंधारात त्यांनी मला सगळं सांगितलं. डॉक्टरांचं औषध संपलं असंल, नाहीतर गरिबाला देईनात, असं त्यांना वाटलं. मध्ये खंड पडला तर दुखणं पुन्हा उठणार. त्यांनी रानातले सगळे फुटवे तपासले, सगळे फिके. मग देवराईतल्या त्या जुन्या झाडाच्या मुळाची साल खरवडली, ती सगळ्यांत जास्त चमकली. पण देवीचं झाड. म्हणून त्यांनी वाघजाईला कौल लावला, मूर्तीच्या दोन अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवून. उजवी पडली तर घे, डावी पडली तर नको.

"दोनदा डावी पडली," मामा म्हणाले. "मी म्हनलं, आई, तुला नीट कळलं न्हाई. साळूसाठी मागतोय. तिसऱ्यांदी उजवी दिलीन."

मग मूळ खणलं, साल कुटली, काढा केला. सकाळी एक पेला, सांजेला एक पेला, पाच दिवस. शेवटचा पेला त्यांनी कुणाला धुऊ दिला नव्हता.

"सगळ्यात जास्त चमकतंय तेच घेतलं बघा, तुमी शिकवलं तसं," ते म्हणाले. दिव्याच्या उजेडात त्यांचे डोळे दिसत होते. "तरी कमी पडलं का वो, ताई?"

लघवीतलं रक्त, जुलाब, पेशी, मामींचं बोलणं, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. आणि मी, जी कुणाचं ऐकून घेत नाही, तोंडावर बोलते म्हणून घरीदारी बदनाम, ती म्हणाले, "उशीर झाला होता, मामा. तुमचं काही चुकलं नाही."

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगून विचारलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, कच्चं द्रव्य फार पूर्वी परदेशात माणसांना देऊन पाहिलं होतं. मूत्राशयातून रक्त, जुलाब, पेशींचा नाश. ते थांबवावं लागलं. म्हणून तर त्याची रचना बदलून, वजनावर मोजून आजचं औषध देतात. आणि तिच्या पेशी आधीच खाली होत्या. "ती वाचली असती असं नाही, हेमलता. पण काही महिने मिळाले असते." जरा थांबून म्हणाले, "त्यांना सांगू नकोस. आता काय उपयोग?" मला तेच हवं होतं. मी नाही सांगितलं.

आणि मामांनी नरक्या लावायला घेतला. पिकलेली जांभळी फळं गोळा करायची, गर धुवायचा, बी सावलीत रुजवायचं, पिशव्या भरायच्या. पहिल्या वर्षी दोनशे रोपं, दुसऱ्या वर्षी हजार. ज्या ज्या बुंध्यापाशी "ही मीच तोडली" म्हणाले होते, त्या प्रत्येकाशेजारी एक. विचारलं की म्हणायचे, "माझ्या साळूला कमी पडलं. आनखी कुनाच्या बाईला कमी पडाया नगं." त्याचीच ती बातमी. लोक माझ्यापुढं त्यांचं कौतुक करायचे आणि मी बाटल्या धुवायच्या निमित्तानं उठून जायचे.

२००९ च्या मार्गशीर्षात त्यांचा फोन आला. आवाजात पूर्वीची उभारी. "ताई, तो दिवा घेऊन या. आमच्या चुलतभावाची बायकू रंभाबाई हाय न्हवं, तिला साळूचंच दुखनं निघालंय. दवाखान्यात जायाला घाबरती. मी म्हनलं, भिऊ नगं, आता झाडं लई हायेत. ह्या खेपंला कमी पडू द्येत न्हाई."

मी दिवा घेतला नाही. पर्ससुद्धा विसरले, शेजारणीकडून तिकिटापुरते घेऊन पहिली एस.टी. पकडली. वाड्यावर पोचले तेव्हा रंभाबाई ओट्यावर उन्हात बसली होती आणि आत चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. वास ओळखीचा. मी पदरानं पातेलं धरलं, अंगणात नेलं आणि सगळं मातीत ओतलं. हात भाजले, त्याचं काही नाही.

"अवं ताई! येड लागलं का? दोन दिसाची म्येहनत ती!"

"मामा, हे औषध नाही. हे विष आहे."

"विष? दवाखान्यात देत्यात ते—"

"ते याच्यापासून करतात. हे ते नाही. दुधाला विरजण लागल्यावर दही होतं, पण म्हणून दूध म्हणजे दही नव्हे. हे कच्चं पोटात गेलं की आतडी सोलतं, रक्त पाडतं, पेशी मारतं. चमकतं म्हणजे औषध, हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. शायनिंग मारली मी, मामा. मला माहीत होतं तसं नसतं ते."

मामा अडाणी नव्हते, एका दमात शंभर झाडं मोजणारा माणूस. त्यांना जोडून द्यावं लागलं नाही.

"म्हंजी साळू," ते म्हणाले.

"व्हय, मामा."

"कमी न्हवतं पडलं."

"नाही."

ते खाली बसले. ओट्यावर नाही, जमिनीवर, जिथं काढा सांडला होता तिथंच. "देवी दोनदा न्हाई म्हनली व्हती," एवढंच म्हणाले. रंभाबाई तोंडाला पदर लावून उठून गेली. म्हशी दाव्याला ओढ देत होत्या, कुणी सोडायला नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. घोंगडीखाली."

"दोन वरसं?"

"व्हय." सरांनी अडवलं होतं, हे मी सांगितलं नाही. सरांनी काय माझे ओठ शिवले होते?

मला वाटलं आता शिव्या घालतील, कोयता उचलतील. उचलला असता तर मी हलले नसते. पण ते म्हणाले, "तिला कळलं आसंल का वो, ताई? पिताना?"

आता पुन्हा खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. मी सांगितलं, दवाखान्यात मामी काय म्हणाल्या ते, शब्दाला शब्द. ते देत्यात ते मला सोसत न्हाई, पर न्हाई म्हनलं तर त्यांचं मन मोडतं. ऐकताना त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि मग तो माणूस असा रडला की मला दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरावं लागलं. मीही रडले. माफी मागितली की नाही ते आठवत नाही.

उन्हं कलायला लागली तसे ते उठले. म्हशी सोडल्या. म्हणाले, "रंभाला उद्या पुन्याला घेऊन येतो. तुमी थांबा दवाखान्यात." मी हो म्हटलं आणि जायला निघाले. शेवटची एस.टी. चुकली असती.

"थांबा," मामा म्हणाले.

ते आत गेले आणि फळीवरून मामींचा पेला घेऊन आले. दोन वर्षांत त्याला पाणी लागलं नव्हतं. अंगणात उकिडवे बसून त्यांनी तो राखेनं घासला. तळाशी बोट घालून, नखानं खरवडून, पुन्हा राख घेऊन पुन्हा घासला. तीनदा विसळला. मग हंड्यातलं पाणी भरून माझ्यापुढं धरला.

"प्या. डोंगर चढून आलाय. तहानलेलं जाऊ ने, ती म्हनायची."

मी पेला दोन्ही हातांनी घेतला. कोरलेलं नाव बोटांना लागत होतं. मी सगळं पाणी प्याले.